सभासदाची हरकत

भाद्रपद लागला, पंचगंगेचे पाणी घाटाच्या पायऱ्या मोकळ्या करून खाली उतरले आणि शिवारातला ऊस माणसाच्या डोक्याच्या वर गेला, की कोल्हापूर जिल्ह्यात सर्वसाधारण सभांचा हंगाम सुरू होतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७५ प्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, संस्थेला आपली वार्षिक सभा भरवावी लागते. आणि साखर कारखाना, दूध संघ, सूतगिरणी, विकास सेवा सोसायटी, पतसंस्था यांपैकी एकीचाही सभासद नाही असे घर ज्या जिल्ह्यात शोधूनच काढावे लागेल, त्या जिल्ह्यात धंद्याचे निवेदन करणारा आणि त्यावर हरकत घेणारा यांची गाठ वर्षातून एकदा तरी मंडपाखाली पडतेच. सभेत बोलावे कसे, याचे शिक्षण आता पुष्कळ ठिकाणी मिळते. हरकत ऐकावी कशी, हे मात्र मला या मंडपांइतके दुसरीकडे कुठे पाहायला मिळालेले नाही. आणि ती ऐकली नाही म्हणजे काय होते, हेही इथेच दिसते.

माझे ज्येष्ठ स्नेही तात्या यांची सारी नोकरी एका सहकारी साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात गेली. सभेच्या दिवशी व्यासपीठाच्या मागे दफ्तर घेऊन बसायचे आणि अध्यक्षांनी मागे वळून पाहिले की आकडा पुढे करायचा, हे त्यांचे काम. त्यांची भाची शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीचा विक्री विभाग सांभाळते. पुण्याच्या आणि परदेशच्या खरेदीदारांपुढे प्रेझेंटेशन देणे हा तिचा नित्याचा व्यवसाय. तिच्या गावच्या कारखान्याने आसवनी प्रकल्पाचा, म्हणजे इथेनॉल करण्याचा, विषय यंदाच्या सभेपुढे ठेवला असून त्याचे निवेदन तयार करून सभेत मांडण्याची जबाबदारी एका संचालकांनी तिच्यावर सोपवली, म्हणून ती मामांचा सल्ला घ्यायला आली होती. त्या दोघांचे जे बोलणे झाले, त्यात मलाही मधूनमधून भाग घ्यावा लागला. त्यातला महत्त्वाचा मजकूर येथे देत आहे.

भाची : मामा, माझी रीत आधी ऐकून घ्या आणि मग तिच्यातले दोष काढा. निवेदन सुरू असताना मी मधे प्रश्न घेत नाही, आणि त्यामागे उद्धटपणा मुळीच नाही. खरेदीदारांपैकी एखादा तिसऱ्याच चित्रावर ‘किलोला दर काय पडेल?’ म्हणून विचारतो. त्या क्षणी दर सांगून टाकला, तर भट्टी कोणती, वाळू कशी तपासतो, नाकारला जाणारा माल शेकडा किती, यांपैकी काहीही पुढे कुणाच्या मनात शिरत नाही, कारण प्रत्येक जण तो एक आकडा मनात धरून त्याच्याशीच झगडत बसतो. म्हणून संभाव्य हरकतींची यादी मी आदल्या दिवशी करते, त्यांची उत्तरे निवेदनाच्या ओघात आधीच देऊन टाकते, आणि उरलेले प्रश्न शेवटी घेते. एका मोठ्या आवाजाच्या माणसाने हजारो शांत माणसांचा वेळ हिरावून घेऊ नये, हे पाहणेही बोलणाऱ्याचे कर्तव्यच नाही का?

तात्या : बंद खोलीत तुझी रीत बरोबर असेल, मी तिला नावे ठेवत नाही. पण तुझा खरेदीदार पटले नाही तर उठून दुसऱ्या फौंड्रीत जाऊ शकतो, आणि सभासद तसा जाऊ शकत नाही. त्याचा भाग कारखान्यात अडकलेला, ठेव कपात होऊन तिथेच पडलेली, ऊस तिथेच नोंदवलेला. तो मालक आहे, माल पुरवणाराही तोच आहे, आणि कलम २७ ने एका भागाच्या धन्याला आणि शंभर भागांच्या धन्याला सारखेच एक मत दिले आहे. असा माणूस मंडपात येतो तो तुझी चित्रे पाहायला येत नाही. वर्षभर मनात राहिलेला एक संशय घेऊन येतो. मागच्या रांगेतून कुणी तरी उठून म्हणेल, ‘ते इथेनॉल ऱ्हाऊ द्या, आमचा ऊस काट्यावर चढला की हलका का होतोय, आन् उतारा का घसरतोय, ते पयलं सांगा.’ ‘प्रश्न शेवटी’ म्हणून तू त्याला खाली बसवलेस, तर तो बसेल. परंतु त्यानंतरचे तुझे एक अक्षरही त्याच्या कानात जायचे नाही, आणि त्याच्या शेजारच्यांच्याही नाही.

भाची : पण त्याचा प्रश्न विषयपत्रिकेवरच नाही! आसवनी हा एक विषय झाला, काटा आणि उतारा हा दुसरा. विषय सोडून बोलणाऱ्याला विषयावर आणायचे नाही, तर मग अध्यक्ष कशाला?

तात्या : तू हिशेब करून पाहा, आणि मग ते दोन विषय वेगळे आहेत का ते मला सांग.

यानंतर तात्यांनी कागद पुढे ओढून जो हिशेब मांडला तो मी सविस्तर देतो, कारण माझ्या मते साऱ्या वादाचे मर्म त्यातच आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र शासनाने उसाचा रास्त व किफायतशीर दर, ज्याला सारा जिल्हा एफआरपी म्हणतो, १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये ठरवला आहे, आणि त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्का उताऱ्याला ३४ रुपये ६० पैसे जादा. उतारा म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली ते प्रमाण. या बाबतीत कोल्हापूर राज्यात वरच्या क्रमांकावर असते. उतारा १२ टक्के धरला तर दर ४,१५५ रुपये ५० पैसे होतो. त्यातून तोडणी आणि वाहतूक वजा जाऊन उरेल ती शेतकऱ्याची रक्कम. आता हाच उतारा १२ ऐवजी ११.९ दाखवला गेला, तर शंभर टन ऊस घालणाऱ्याचे ३,४६० रुपये गेले, आणि दहा लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्याच्या एकंदर सभासदांचे ३ कोटी ४६ लाख. एका दशांशाची ही किंमत आहे. मागच्या रांगेतल्या माणसाला हे गणित कागदावर मांडता येत नसेल. पण ते त्याला आपल्या बिलावरून पुरते ठाऊक असते.

तात्या : आणि तुझ्या आसवनीचा संबंध इथेच येतो. उसाच्या रसातून किंवा बी-हेवी मोलॅसिसमधून इथेनॉल काढले, की तेवढी साखर पोत्यात पडत नाही. पोत्यातली साखर घटली, की कागदावरचा उतारा घटतो. इथेनॉलकडे वळवलेली साखर हिशेबात परत मिळवून मगच उतारा ठरवावा लागतो. ती कुणी मोजली, कशी मोजली आणि कोणत्या कागदावर नोंदली, एवढेच तो विचारतो आहे. मग तो विषय सोडून बोलला की विषयाच्या मुळावरच त्याने बोट ठेवले? तुझ्या निवेदनात या गोष्टीला कुठे जागा आहे?

भाची : नाही. प्रकल्पाचा खर्च आहे, कर्जाची फेड आहे, तेल कंपन्यांचे दर आहेत. उताऱ्यावरचा परिणाम तांत्रिक परिशिष्टात टाकला होता.

तात्या : तर मग तो पहिल्या चित्रावर आण. तू हरकतींची यादी करतेस, हे उत्तमच आहे. परंतु ती यादी व्यासपीठावर बसून केलेली आहे. जिथे बोलायचे आहे त्या गावांत चार दिवस आधी जा, विकास सोसायटीच्या कट्ट्यावर बस आणि लोक काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत उतरून घे. सभेत त्याच शब्दांत प्रश्न वाच आणि त्यापुढे आकडा ठेव. आपल्या तोंडचा प्रश्न व्यासपीठावरून ऐकला, की सभासदाला ओरडण्याचे कारण उरत नाही.

भाची : हे मान्य. तरी तुम्ही मंडपातल्या प्रत्येक हरकतीला जे पावित्र्य देता, ते मला देता येत नाही. विरोधी गटाने पाठवलेली माणसे असतात; त्यांना उत्तर नको असते, सभा उधळलेली हवी असते. त्यांनाही आकडे दाखवत बसायचे?

तात्या : दाखवायचे. हेतू ओळखता येतो; खरा विचारणारा उत्तरासाठी थांबतो, दुसरा थांबत नाही. पण हेतूचा निवाडा व्यासपीठावरून करू नये. ‘तुम्हाला कुणी पाठवले ते आम्हाला ठाऊक आहे,’ असे वाक्य अध्यक्षांच्या तोंडून एकदा निघाले, की ज्यांच्या मनात तोच प्रश्न प्रामाणिकपणे होता ती शंभर माणसे त्या एकाच्या बाजूला जातात. विचारणारा कोणीही असो, उत्तर त्या शंभरांसाठी द्यायचे असते.

भाची : मग तुमच्या सहकाराने हे केले का? मामा, रागावू नका. पण सभेचा जो गौरव तुम्ही करता, तिच्यात ठराव वाचला जातो, मागून ‘मंजूर, मंजूर’ असा गजर उठतो, आणि अध्यक्ष विषय संपल्याचे जाहीर करतात, हे मी लहानपणापासून पाहात आले आहे. २०१८ साली गोकुळ दूध संघाला बहुराज्य संस्था करण्याचा विषय सभेपुढे आला तेव्हा काय गोंधळ उडाला, ते साऱ्या जिल्ह्याने पाहिले. आमच्या धंद्यात असे चालत नाही. एखाद्या कास्टिंगमध्ये ब्लो-होल निघाले, तर ते लाल चिठ्ठी लावून आमच्याकडे परत येते. त्या चिठ्ठीपुढे ओरडून उपयोग नसतो. दोष कुठल्या लॉटमधला, कारण काय, तूर्त काय केले, पुन्हा होऊ नये म्हणून काय केले, आणि हे कुणी कोणत्या तारखेपर्यंत पुरे करायचे, हे सारे लेखी द्यावे लागते. त्या अहवालाला आम्ही एट-डी म्हणतो. तो दिल्याशिवाय तक्रार बंद होत नाही. तुमच्या सभेत माणसाला बोलू दिले जाते, हे खरे. पण त्याच्या हरकतीचे पुढे काय झाले, ते इतिवृत्तात सापडते का?

तात्या या प्रश्नावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मला स्वतःला हा भाचीचा मुद्दा त्या दिवसातला सर्वांत बळकट वाटला, आणि पुढे त्यांनीही तो तसाच स्वीकारला. १९६३ साली स्थापन झालेल्या आणि जिल्ह्याच्या घराघरांत दुधाचा पैसा पोचवणाऱ्या गोकुळसारख्या संस्थेत बहुराज्य होण्याचा तो प्रस्ताव अखेर मागे घ्यावा लागला आणि २०२१ च्या निवडणुकीत सत्तांतरही झाले. त्या सत्तांतराची कारणे अनेक असतील आणि मी ती एकाच सभेवर लादत नाही. तथापि ज्या विषयाला सभासदांची मनापासून संमती नव्हती, तो विषय गजराने पुढे सरकला नाही, एवढे निर्विवाद आहे.

तात्या : तुझे खरे आहे. इतिवृत्तात ‘सविस्तर चर्चेअंती ठराव सर्वानुमते मंजूर’ एवढेच लिहिण्याचा शिरस्ता पडला आहे, आणि तो शिरस्ता वाईट आहे. हरकत घेणाऱ्याचे नाव, त्याचा प्रश्न, दिलेला आकडा, आणि उत्तर नसेल तर ते देण्याची तारीख, हे चारही रकाने प्रोसिडिंग बुकात असले पाहिजेत. तुझी लाल चिठ्ठी मंडपात आण. ‘माहिती घेऊन सांगतो’ हे वाक्य आमच्याकडे प्रश्न बुडवण्याचे साधन झाले आहे. त्याच्यापुढे तारीख आणि अधिकाऱ्याचे पद जोडले, की तेच प्रामाणिक उत्तर होते.

भाची : खरेदीदारांपुढेही तसेच. माहीत नाही म्हटल्याने ऑर्डर गेल्याचे मी पाहिलेले नाही. अंदाजाने सांगितलेला आकडा पुढे चुकला, त्याने मात्र नाती तुटली आहेत. पण आणखी एक विचारते. हरकत घेणाऱ्याचेच बरोबर निघाले तर? प्रकल्पाचा अहवाल तयार, बँकेची बोलणी झालेली, आणि मंडपातला एखादा प्रश्न असा येतो, की सगळे गणितच हलते.

तात्या : मग गणित हलवायचे. याच विषयातले उदाहरण घे. इथेनॉलची चलती होती त्या वर्षांत एखाद्या सभासदाने विचारले असते, की दिल्लीने उद्या रसापासून इथेनॉल करू नका म्हटले तर कर्जाचा हप्ता कुठून भरायचा, तर त्याला शंकेखोर ठरवून खाली बसवले गेले असते. आणि ७ डिसेंबर २०२३ रोजी, ऐन गाळप सुरू असताना, साखरेच्या तुटीच्या भीतीने केंद्राने उसाचा रस इथेनॉलसाठी वापरण्यावर निर्बंध घातला. पुढे तो सैल झाला, २०२४-२५ साठी उठलाही. पण ज्यांनी नुकत्याच कर्जे काढून आसवन्या उभ्या केल्या होत्या, त्यांची ती मधली मुदत कशी गेली असेल ते मला सांगायला नको. म्हणून तुझ्या निवेदनात आसवनी वर्षभर चालली तर काय मिळेल, याच्याच शेजारी ती निम्मे दिवस बंद राहिली तर हप्ता कुठून भरला जाईल, हे चित्र असू दे. त्याचे उत्तर नसेल, तर प्रकल्प लहान कर किंवा एक वर्ष थांब. सभासदाने असा प्रश्न विचारला, तर त्याने फुकट सल्लागाराचे काम केले असे समज.

भाची : म्हणजे निवेदनाचा क्रमच बदलावा लागेल. तरीही सांगते, मी आधी पंधरा मिनिटे बोलणार. वस्तुस्थिती मांडल्याशिवाय प्रश्न घेतले, तर जो पहिल्यांदा उभा राहील तोच सभेचा विषय ठरवील.

तात्या : आणि मी सांगतो, आधी लेखी आलेले प्रश्न वाच, उत्तरे दे, मग तुझी पंधरा मिनिटे घे. पोटात कळ असलेल्या माणसाला उद्याच्या पक्वान्नाचे वर्णन ऐकवू नये.

या एका बाबतीत दोघांचे एकमत झाले नाही, आणि मीही त्यांना मध्यममार्ग सुचवला नाही, कारण माझ्या मते मंडपापुरता तात्यांचाच पक्ष ग्राह्य आहे. बंद खोलीतला श्रोता अनोळखी असतो, त्याच्यापुढे आधी आपली ओळख ठेवावी लागते; सभासदाला संस्था अनोळखी नसते, तिच्याशी त्याचे जुने देणेघेणे असते, आणि जुनी बाकी बेबाक केल्याशिवाय नवा व्यवहार मांडणे आपल्याकडे बाजारपेठेतही अनुचित समजतात. भाचीची भीती निराधार नाही. पहिल्यांदा उभा राहणारा सभा पळवू शकतो. परंतु प्रश्न लेखी आणि मुदतीत आलेले असतील, तर कोणते आधी वाचायचे हे अध्यक्षांच्या हाती राहते आणि ती भीती बरीच ओसरते.

मंडपात न ऐकलेली हरकत विरून जात नाही, ती दुसऱ्या दारी जाते, याचा पुरावा उसाच्याच व्यवहारात ताजा आहे. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस घातल्यापासून चौदा दिवसांच्या आत त्याचे पैसे मिळाले पाहिजेत, न मिळाल्यास १५ टक्के व्याज द्यावे लागते. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य शासनाने एफआरपी दोन टप्प्यांत देण्याची मुभा देणारा निर्णय काढला. शेतकरी संघटनांनी त्याला पहिल्यापासून हरकत घेतली, ती मानली गेली नाही, आणि माजी खासदार राजू शेट्टी तो वाद उच्च न्यायालयात घेऊन गेले. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने तो शासननिर्णय रद्द केला. जे उत्तर समोरासमोर बसून देता आले असते, ते मिळायला तीन वर्षे गेली, आणि त्या तीन हंगामांत ज्यांनी दुसऱ्या हप्त्याची वाट पाहात सोसायटीचे कर्ज थकवले, त्यांचे नुकसान निकालाने भरून येणारे नव्हते.

जाताना भाचीने एक व्यावहारिक शंका काढली. सभासद लेखी प्रश्न देतच नाहीत, ते थेट उभे राहून बोलतात, त्याला काय करायचे? तात्यांनी दिलेले उत्तर मी सभासदांपुढेच ठेवतो, कारण या कामी निवेदन करणाऱ्याइतकीच जबाबदारी हरकत घेणाऱ्यावरही आहे. कलम ३२ ने प्रत्येक सभासदाला कचेरीच्या वेळेत संस्थेचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी विनामूल्य पाहण्याचा हक्क दिला आहे, आणि हा हक्क वापरणारे सभासद फार थोडे आहेत. ज्यांच्या संस्थेची सभा या महिन्यात आहे, त्यांनी अहवाल हाती पडताच तो घरी पडू न देता वाचावा, कचेरीत जाऊन गेल्या वर्षीचे इतिवृत्त पाहावे, आपला प्रश्न आकड्यासह एका कागदावर लिहून सभेपूर्वी द्यावा, आणि त्याची शिक्क्यानिशी पोच घ्यावी.